व्याख्यानशाला आणि प्रतिमा : त्रिपुरीच्या परिसरातील एक जुना प्रश्न

१

विद्यापीठात भरणारी कलाप्रदर्शने आणि त्यांच्या जोडीने होणारी व्याख्याने यांचा विचार साहित्यसमीक्षेने करावा काय, असा प्रश्न कोणी उपस्थित केला तर तो अगदीच अप्रस्तुत म्हणता येणार नाही. प्रदर्शन ही चित्रकाराची किंवा पुरातत्त्वज्ञाची बाब, व्याख्यान ही वक्त्याची बाब आणि दोहोंची व्यवस्था ही कार्यालयाची बाब, अशी वाटणी आपण मनोमन करून ठेवलेली असते. या वाटणीत समीक्षकाच्या वाट्याला फारतर पहिल्या रांगेतील एक खुर्ची येते. वस्तुतः ज्या ठिकाणी डोळ्यांपुढची वस्तू आणि कानांवर पडणारा शब्द यांची गाठ पडते, तेथेच समीक्षेचा जन्म होतो. ती गाठ कशी पडते, किंबहुना पडते की नाही, हे पाहणे हे समीक्षेचे पहिले काम होय. या प्रश्नाचा विचार अधांतरी करण्यापेक्षा एखाद्या ठिकाणाच्या आधाराने करणे बरे. आणि त्या दृष्टीने जबलपूर व त्याचा परिसर यांइतके बोलके ठिकाण दुसरे क्वचितच सापडेल.

इ.स. ११५५ मध्ये, म्हणजे कलचुरी संवताच्या ९०७ व्या वर्षी, राणी अल्हणदेवी हिने नर्मदातीरी भेडाघाट येथे एक शिवमंदिर बांधविले. अल्हणदेवी ही मेवाडच्या गुहिल घराण्यातील कन्या, राजा गयाकर्णाची राणी आणि नरसिंह राजाची माता. या बांधकामाचा जो शिलालेख उपलब्ध आहे त्यात मंदिराबरोबर आणखी तीन गोष्टींचा निर्देश येतो : मठ, व्याख्यानशाला आणि उद्यानांची रांग. देवालय, निवास, व्याख्यानाची जागा आणि विसाव्यासाठी झाडे. आजच्या कोणत्याही विद्यापीठाच्या आराखड्यात याहून निराळे काय असते? आठ शतकांपूर्वीच्या या यादीतील 'व्याख्यानशाला' हा शब्द आजच्या वाचकाला इतका ओळखीचा वाटतो की त्याच्याजवळ थांबण्याची गरजच भासत नाही. परंतु थांबले पाहिजे, कारण शब्द तोच राहिला असला तरी त्याचा अर्थ बराच सरकला आहे.

संस्कृतात व्याख्यान म्हणजे एखाद्या ग्रंथाचे, सूत्राचे वा वचनाचे विवरण. व्याख्यान नेहमी कशाचे तरी असते. समोर मूळ संहिता असते, ती ऐकणाऱ्यालाही ठाऊक असते आणि विवरणकर्त्याचा पाय तिच्याबाहेर पडला तर तो तेथल्या तेथे पकडला जातो. मराठीत या शब्दाची वाटचाल वेगळी झाली. १८७५ मध्ये पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली आणि त्यानंतर महाराष्ट्रात गावोगावी व्याख्यानमालांचा प्रघात पडला. लोकशिक्षणाचे एवढे मोठे कार्य दुसऱ्या कोणत्या वाङ्मयप्रकाराने केले असेल असे वाटत नाही. मात्र या वाटचालीत 'कशाचे व्याख्यान' हा प्रश्न मागे पडून 'कोणाचे व्याख्यान' हा प्रश्न पुढे आला. विषय हा वक्त्याच्या नावामागून चालू लागला. समोरची संहिता नाहीशी झाली आणि श्रोत्यापाशी वक्त्याला अडविण्याचे साधन उरले नाही. प्रदर्शनाला जोडून होणाऱ्या व्याख्यानाचे महत्त्व येथेच आहे. हरवलेली संहिता तेथे पुन्हा समोर येते. कधी चित्राच्या रूपाने, कधी भंगलेल्या मूर्तीच्या, तर कधी खापराच्या तुकड्याच्या रूपाने. व्याख्यानाला व्याख्यान होण्याची संधी तेथे पुन्हा मिळते. ही संधी घेतली जाते काय, एवढाच खरा प्रश्न आहे.

२

अल्हणदेवीच्या सुमारे दोन शतके अगोदर याच परिसरात अशा सभेचे एक पूर्ण चित्र काव्यशास्त्रात रेखाटले गेले होते. जबलपूरपासून जवळच, भेडाघाटच्या वाटेवर, तेवर नावाचे खेडे आहे. तेच कलचुरींची राजधानी त्रिपुरी. दहाव्या शतकाच्या पूर्वार्धात येथे पहिल्या युवराजदेवाचे राज्य होते. यायावर कुळातील राजशेखर हा कवी कनौजच्या प्रतिहारांच्या आश्रयाने प्रसिद्धीस आला. त्याचे नाते या दरबाराशीही होते आणि 'विद्धशालभंजिका' ही त्याची नाटिका येथेच प्रयोगात आली, असे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी दाखवून दिले आहे. 'काव्यमीमांसा'ही त्याने उत्तरायुष्यात त्रिपुरीसच रचली असा त्यांचा तर्क होता. तो सर्वमान्य आहे असे नाही, पण या कवीचे आणि या भूमीचे नाते त्यावाचूनही पक्के राहते. मराठी वाचकाला हे नाते आणखी एका कारणाने जवळचे वाटावे. राजशेखराने आपला पणजोबा अकालजलद यास 'महाराष्ट्रचूडामणि' म्हटले आहे. आणि 'काव्यमीमांसा' हा विस्मृत ग्रंथ आधुनिक जगापुढे आला तोही बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचे पहिले पुष्प म्हणून, १९१६ मध्ये.

या ग्रंथाच्या दहाव्या अध्यायात राजाने कविसभा कशी भरवावी याचे विधान आहे. सभामंडपाला सोळा खांब, चार दारे आणि आठ मत्तवारणी असाव्यात. मध्यभागी राजाचे आसन असावे. उत्तरेस संस्कृत कवी बसावेत, त्यांच्या मागे वेदवेत्ते, तार्किक, पौराणिक, वैद्य आणि ज्योतिषी. पूर्वेस प्राकृत कवी आणि त्यांच्यामागे नट, नर्तक, गायक, वादक. पश्चिमेस अपभ्रंश कवी, त्यांच्यामागे चित्रकार, लेपकार, रत्ने जडविणारे, सोनार, सुतार आणि लोहार. दक्षिणेस भूतभाषेचे कवी आणि त्यांच्यामागे दोरावरचे खेळ करणारे, गारुडी, मल्ल इत्यादी. सभेत काव्याची परीक्षा व्हावी, मधून मधून शास्त्रवाद व्हावा, गुणीजनांचा सत्कार व्हावा, असेही तो सांगतो.

या मांडणीत लक्ष वेधून घेणाऱ्या दोन गोष्टी आहेत. पहिली अशी की, चित्रकार आणि लोहार हे कवीच्या मागे असले तरी कवीच्याच मंडपात आहेत. शब्दाची परीक्षा चालू असताना रंगाचा आणि धातूचा जाणकार तेथे उपस्थित आहे. शास्त्रांचे पंडित संस्कृत कवींकडे आणि हाताने वस्तू घडविणारे अपभ्रंश कवींकडे बसविण्यात लोकभाषा व कारागिरी यांचे काही नाते राजशेखराला जाणवले होते की काय, हे निश्चित सांगता येणार नाही. परंतु तसे म्हणण्याचा मोह होतो खरा. दुसरी गोष्ट अनुवादकाने विशेष ध्यानात घ्यावी अशी आहे. जो कवी अनेक भाषांत रचना करतो त्याने कोठे बसावे? राजशेखराचे उत्तर असे की, ज्या भाषेत तो अधिक निपुण असेल तेथे त्याने बसावे. आणि जो अनेक भाषांत सारखाच प्रवीण असेल त्याने जागा बदलत त्या त्या ठिकाणी जाऊन बसावे. म्हणजे चार दिशांना चार भाषा पक्क्या बसविणाऱ्या या मंडपात उठून दुसरीकडे जाणाऱ्या माणसासाठीही वाट ठेवलेली आहे.

या सभेचे गुणगान करताना तिच्या मर्यादा झाकण्याचे कारण नाही. ती राजाची सभा आहे. आसनांच्या क्रमात प्रतिष्ठेचा क्रम आहे, परीक्षेचा अखेरचा निर्णय आश्रयदात्याच्या हाती आहे आणि सत्कार मिळविण्यासाठी कवीला काय काय करावे लागत असेल त्याची कल्पना करता येते. स्त्रियाही पुरुषांप्रमाणे कवी होऊ शकतात असे राजशेखर स्पष्ट सांगतो, आपली पत्नी अवंतिसुंदरी हिची मते आदराने नोंदवितो. तरीही मंडपाच्या आराखड्यात कवयित्रीची जागा त्याने निराळी दाखविलेली नाही. तेव्हा हा आराखडा आदर्श म्हणून उचलावयाचा नाही. त्यातील एक तत्त्व मात्र घेण्यासारखे आहे : शब्दाचे आणि वस्तूचे जाणकार एका छपराखाली आणावेत, आणि आणल्यावर परीक्षा टाळू नये.

त्याची 'विद्धशालभंजिका' पाहिली तर हे तत्त्व केवळ ग्रंथातले नव्हते हे कळते. या नाटिकेतील राजा विद्याधरमल्ल स्वप्नात एक कन्या पाहतो आणि पुढे तीच त्याला प्रासादात कोरलेल्या पुतळीच्या रूपाने दिसते. नाटिकेचे नावच त्या कोरीव पुतळीवरून आले आहे. कथानक दरबारी आहे, गुंतागुंत नेहमीचीच आहे. पण शिल्प पाहणे ही घटना नाट्याच्या केंद्रस्थानी आणावी असे त्रिपुरीशी संबंध असलेल्या कवीला सुचावे, आणि त्याच त्रिपुरीच्या भूमीतून पुढे शेकडो पाषाणप्रतिमा मिळाव्यात, हा योग अर्थपूर्ण आहे. पाहिलेले आणि कल्पिलेले यांची ओळख पटविणे हाच त्या नाटिकेचा खेळ, आणि प्रत्येक प्रदर्शनातील प्रेक्षकाचाही तोच.

३

आता भेडाघाटच्या टेकडीवरील चौसष्ट योगिनींच्या मंदिराकडे वळू. दहाव्या शतकाच्या अखेरच्या सुमाराचे हे मंदिर वर्तुळाकार आणि उघड्या आकाशाखालचे आहे. भोवतीच्या ओवरीत एक्याऐंशी कोनाडे असून त्यांतील प्रतिमांची तोंडे आतील अंगणाकडे आहेत. चौसष्ट ही रूढ संख्या आणि एक्याऐंशी ही प्रत्यक्ष संख्या, येथपासूनच हे स्थळ पाहणाऱ्याच्या तयार ज्ञानाला अडवू लागते. बहुतेक प्रतिमा भंगलेल्या आहेत; कोणाचे हात गेले आहेत, कोणाचे मुख छिन्न झाले आहे. तरी त्यांच्या पीठांवर कोरलेली नावे पुष्कळ ठिकाणी वाचता येतात. प्रदर्शनातील वस्तूखाली आपण जी चिठ्ठी लावतो तिचे इतके जुने आणि इतके टिकाऊ उदाहरण सहजासहजी दाखविता येणार नाही.

या चिठ्ठ्यांचे वैशिष्ट्य असे की त्या पाहणाऱ्याचे काम सोपे करीत नाहीत. एका प्रतिमेत अनेक भुजांची देवी महिषासुराचा वध करीत आहे. कोणीही पाहताक्षणी म्हणेल, ही महिषासुरमर्दिनी. परंतु खाली नाव आहे ते 'श्रीतेरंवा'. आता यांपैकी काय खरे मानावयाचे? रूप ओळखीचे आहे, नाव अनोळखी आहे. जो व्याख्याता 'ही दुर्गा' असे सांगून पुढे सरकेल त्याने प्रतिमेच्या जागी आपला पूर्वीचा शब्द ठेवला, असेच म्हणावे लागेल. जो केवळ नाव वाचून 'ही तेरंवा' म्हणेल त्याने नोंद केली, पण पाहिले नाही. खरे व्याख्यान या दोहोंच्या मधल्या फटीत सुरू होते. ओळखीचे रूप अनोळखी नावाखाली का बसविले गेले? योगिनींच्या मंडलात प्रवेश करताना मोठ्या देवतेला आपले नाव बाहेर ठेवावे लागले काय? की स्थानिक देवतेला मोठ्या देवतेचे रूप मिळाले? कोणत्याही एका उत्तराचा आग्रह धरण्याइतका पुरावा नाही. पण हे प्रश्न प्रतिमेसमोर उभे राहिल्याशिवाय सुचत नाहीत, आणि सुचल्यावर प्रतिमा पूर्वीसारखी दिसत नाही. व्याख्यानाचे यश मोजावयाचे ते याच मापाने.

मंदिराच्या आकारातही प्रदर्शनाच्या मांडणीविषयी एक धडा आहे. भिंतीवर ओळीने टांगलेल्या चित्रांना पहिले आणि शेवटचे असते. वर्तुळाला तसे नसते. प्रेक्षक फिरत राहतो आणि अंगणाच्या मध्याशी उभा राहिला तर पाहणारा तो एकटा आणि त्याच्याकडे पाहणारी मुखे अनेक, अशी उलटी स्थिती होते. पाहण्याचा अधिकार आपलाच आहे हा प्रेक्षकाचा समज तेथे ढळतो. मांडणी हेही एक विधान असते. वाक्यात शब्दांचा क्रम बदलला की अर्थ बदलतो, तसे वस्तूंच्या शेजारामुळे वस्तूंचा अर्थ बदलतो. म्हणून प्रदर्शनाची समीक्षा करताना 'काय मांडले' याइतकेच 'कशाशेजारी मांडले' हे विचारणे आवश्यक आहे. साहित्याचा अभ्यासक हा प्रश्न विचारण्यास मुळीच अपात्र नाही. क्रम, संदर्भ आणि विराम ही तर त्याच्या रोजच्या व्यवहारातील साधने होत.

४

जबलपूरचे विद्यापीठ १९५६ मध्ये स्थापन झाले. १९८३ पासून ते राणी दुर्गावतीचे नाव धारण करते. स्थापनेचे वर्ष ध्यानात घेण्यासारखे आहे. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात राज्यांची पुनर्रचना झाली आणि जबलपूर व नागपूर यांना एकत्र ठेवणारा जुना मध्यप्रदेश दुभंगला. त्यापूर्वी ही दोन्ही नगरे दीर्घकाळ एका प्रांतात होती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जबलपूर नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होते. १९५६ नंतर राजधानी भोपाळला गेली, नागपूर मराठी राज्यात आले, आणि एका प्रांताच्या वस्तू व त्या वस्तूंवर बोलणारी माणसे यांच्यामध्ये सीमा आली.

याचा परिणाम काय झाला हे बिल्हारीच्या शिलालेखावरून पाहता येईल. दुसऱ्या युवराजदेवाच्या काळातील हा लेख जुन्या जबलपूर जिल्ह्यातील बिल्हारीचा. राजशेखराचे नाव आदराने घेणारा. आणि तो आहे नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात. अल्हणदेवीच्या व्याख्यानशालेची वार्ता सांगणारी शिळा तर त्याहून दूर गेली. एकोणिसाव्या शतकात फिट्झएडवर्ड हॉल या पंडिताने तो लेख प्रसिद्ध केला आणि शिळा अमेरिकेस पोहोचली. योगिनी टेकडीवर आहेत, त्रिपुरीच्या अनेक मूर्ती जबलपूरच्या राणी दुर्गावती संग्रहालयात आहेत, लेख नागपुरात आहे. वस्तू विखुरल्या तर विखुरल्या. जगातील सर्व प्राचीन नगरांच्या नशिबी ते असते. परंतु त्या एकत्र आणून पाहण्याचे काम ज्याने करावयाचे ते स्थळ म्हणजे विद्यापीठ. प्रत्यक्ष वस्तू आणता येत नसेल तर ठसा, छायाचित्र आणि पाठ आणता येतो.

हे काम झालेच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९५२ मध्ये सागर विद्यापीठाच्या वतीने मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी त्रिपुरीचे उत्खनन केले आणि त्याचा वृत्तांत १९५५ मध्ये ग्रंथरूपाने आला. त्याच वर्षी मिराशींचा कलचुरी-चेदी संवताच्या लेखांचा महासंग्रह दोन भागांत प्रसिद्ध झाला. योगिनींच्या मंदिरावर जबलपूर विद्यापीठातील राजकुमार शर्मा यांनी १९७८ मध्ये स्वतंत्र ग्रंथ लिहिला. यांपैकी दोघे मराठी भाषक होते, आणि मिराशी यांनी तर कलचुरींविषयी मराठीतही लिहिले. 'संशोधन मुक्तावलि'च्या भागांतून त्यांनी आपले संशोधन मराठी वाचकासमोर सातत्याने ठेवले. तथापि या तिघांचे ज्या ग्रंथांवर नाव टिकून आहे ते मुख्यतः इंग्रजी आहेत आणि ग्रंथालयात ते इतिहासाच्या कपाटात राहतात. वाङ्मयाच्या कपाटाकडे जाणारा विद्यार्थी राजशेखर वाचतो आणि त्रिपुरी वाचत नाही. इतिहासाच्या कपाटाकडे जाणारा त्रिपुरी वाचतो आणि राजशेखराला केवळ कालनिर्णयाचे साधन समजतो. मंडपाचे खांब तेवढे उभे आहेत. उत्तरेचा माणूस पश्चिमेकडे जात नाही.

दीक्षितांच्याच कार्यात याचा एक वेगळा नमुनाही आहे. मणी आणि काच हे त्यांचे आवडीचे विषय. भारतातील रेखांकित मण्यांवरील त्यांचा ग्रंथ १९४९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केला. पुढे १९६७ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या पंडित भगवानलाल इंद्रजी व्याख्यानांसाठी त्यांनी भारतीय काचेचा इतिहास हा विषय घेतला आणि १९६९ मध्ये त्या व्याख्यानांचा ग्रंथ झाला. चिमटीत मावणाऱ्या वस्तूवर एक विद्यापीठ व्याख्यानमाला वाहते आणि त्यातून त्या विषयाचा आधारग्रंथ निर्माण होतो, ही घटना लहान नाही. येथे व्याख्यानाला संहिता आहे. ती हातात घेता येते, उजेडासमोर धरता येते, आणि व्याख्यात्याचे विधान त्या उजेडात तपासता येते. 'भारतीय संस्कृतीचे स्वरूप' या विषयावरील व्याख्यानाला अशी परीक्षा द्यावी लागत नाही. म्हणूनच ते विषय अधिक वेळा निवडले जातात.

प्रदर्शन आणि व्याख्यान यांची जोड ही अभ्यासाची पद्धत होऊ शकते हे दुसऱ्या एका माणसाने या देशात दाखवून दिले होते, आणि त्याचाही जबलपूरशी संबंध आहे. पॅट्रिक गेडिस यांनी १९१७ मध्ये जबलपूरच्या नगररचनेवर अहवाल लिहिला. त्यापूर्वी नगररचनेचे आपले प्रदर्शन घेऊन ते हिंदुस्थानात येण्यास निघाले तेव्हा, १९१४ मध्ये, प्रदर्शनाचे साहित्य नेणारे जहाज 'एम्डेन' या जर्मन युद्धनौकेने बुडविले. नव्याने साहित्य जमवून १९१५ च्या आरंभी मद्रासेत प्रदर्शन भरलेच. नकाशे, चित्रे आणि आराखडे यांच्यामधून प्रेक्षकांना फिरवीत बोलणे ही गेडिस यांची रीत होती. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र यांचा विभाग त्यांच्याकडे सोपविण्यात आला तो अशा पद्धतीच्या माणसाकडे. त्यांच्या मतांविषयी वाद होऊ शकतो. परंतु भिंतीवरील वस्तू सोडून व्यासपीठावर चढावे आणि मग बोलावे, हा क्रम त्यांना मान्य नव्हता एवढे निश्चित.

५

या सर्वांवर एक गंभीर आक्षेप येऊ शकतो आणि त्याचा विचार केल्याखेरीज पुढे जाता येणार नाही. कलाकृती ही स्वयंपूर्ण असते. तिच्यासमोर बोलणे म्हणजे तिच्या अनुभवात व्यत्यय आणणे. प्रेक्षकाला आणि प्रतिमेला एकांत द्यावा, व्याख्यान नकोच. मराठी सौंदर्यविचाराला हा आक्षेप परका नाही. बा. सी. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' या १९५५ च्या ग्रंथात सर्व कलांना लागू पडणारे लयतत्त्व शोधले. संवाद, विरोध आणि समतोल यांच्या आधारे चित्र, संगीत व काव्य यांचा एका सूत्रात विचार करण्याचे धैर्य त्यांनी दाखविले. वाङ्मयाच्या समीक्षकाने चित्राकडे पाहावे हा अधिकार मराठीत त्यांनीच खऱ्या अर्थाने मिळवून दिला. मात्र त्यांच्या भूमिकेचा जो अर्थ पुढे रूढ झाला त्यात कलाकृतीभोवती एक कुंपण पडले. तिचे स्थळ, तिचे नाव, तिच्यावरील आघात हे सर्व अ-सौंदर्यात्मक ठरून बाहेर राहिले.

भेडाघाटला हे कुंपण टिकत नाही. छिन्न मुखाच्या योगिनीसमोर उभे राहून केवळ रेषांचा समतोल पाहता येईल काय? समतोल तर मोडलेला आहे, आणि तो मोडलेला असणे हाही आता त्या प्रतिमेच्या दर्शनाचा भाग झाला आहे. येथे शरच्चंद्र मुक्तिबोधांचे स्मरण होते. 'सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य' या ग्रंथात त्यांनी सौंदर्याला मानवी जीवनमूल्यांपासून तोडण्यास नकार दिला. कलाकृतीत माणूस येतो तो तिला डाग लावण्यासाठी नव्हे, अशी त्यांची भूमिका थोडक्यात सांगता येईल. आक्षेपातील सत्यांश तरीही उरतोच. वाईट व्याख्यान प्रतिमा झाकते. त्यावर उपाय मौन हा नसून अधिक जबाबदार शब्द हा आहे.

असा शब्द कसा असावा याचे एक उदाहरण शरच्चंद्रांच्याच थोरल्या बंधूंनी दिले, आणि ते जबलपुरातून दिले. गजानन माधव मुक्तिबोध हे मराठी घरातील हिंदी कवी. हरिशंकर परसाई यांनी १९५६ मध्ये जबलपुरात 'वसुधा' हे मासिक सुरू केले आणि त्यात मुक्तिबोधांचे 'एक साहित्यिक की डायरी' हे सदर येऊ लागले. १९६४ मध्ये, त्यांच्या निधनाच्या वर्षी, ते ग्रंथरूप झाले. या लेखनाचे रूप पाहण्यासारखे आहे. कलेच्या निर्मितीचे तीन क्षण, अनुभव आणि अभिव्यक्ती यांतील अंतर, असे गहन विषय तेथे आहेत. पण ते व्यासपीठावरून सांगितलेले नाहीत. एक मित्र येतो, प्रश्न विचारतो, उत्तराने त्याचे समाधान होत नाही, बोलणारा स्वतःच आपल्या विधानावर शंका घेतो. सिद्धान्त संवादातून पुढे सरकतो आणि ऐकणाऱ्याला त्यात खरेखुरे काम असते. विद्यापीठीय व्याख्यान वहीत उतरवून घ्यावयाचे नसून त्याला उत्तर द्यावयाचे असते, हे या सदराच्या घडणीतूनच शिकता येते.

जबलपूरच्या शहीद स्मारकाच्या सभागृहात नंदलाल बसूंचे शिष्य ब्योहार राममनोहर सिन्हा यांची भित्तिचित्रे आहेत. भारतीय संविधानाच्या उद्देशिकेचे पान अलंकृत करणारे हेच कलावंत. स्मारक १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेसच्या स्मृतीशी निगडित, आणि चित्रे स्वातंत्र्यलढ्याची. म्हणजे चित्रांनी वेढलेली एक व्याख्यानशाला या नगरात सिद्धच आहे. अशा सभागृहात होणाऱ्या भाषणांविषयी एक साधी कसोटी सुचविता येईल : वक्त्याने एकदा तरी भिंतीकडे बोट दाखविले काय? न दाखविले तर ते भाषण कोठेही झाले असते.

६

राजशेखराने समीक्षकांचे चार प्रकार सांगितले आहेत. अरोचकी, ज्याला काहीच रुचत नाही. सतृणाभ्यवहारी, जो गवतासकट सारे खाऊन टाकतो. मत्सरी, ज्याला दुसऱ्याचा गुण सोसत नाही. आणि तत्त्वाभिनिवेशी, जो तत्त्वाशी जाऊन भिडतो. हा मात्र हजारांत एखादा. विद्यापीठातील कलाविषयक कार्यक्रमांचा श्रोतृवर्ग हल्ली बहुधा दुसऱ्या प्रकारचा होतो, आणि त्याचा दोष श्रोत्यांकडे नाही. दीपप्रज्वलन, स्वागत, परिचय, सत्कार, भाषण आणि आभार या सर्वांना एकाच पात्रात वाढले तर गवत कोणते व धान्य कोणते हे निवडण्यास उसंत कोठे मिळणार? प्रदर्शनाचे उद्घाटन होते, फीत कापली जाते, पाहुणे वेगाने एक फेरी मारतात आणि सभागृहाकडे वळतात. प्रतिमा दालनात राहतात, शब्द सभागृहात जातो. दोघांची ताटातूट अशी वेळापत्रकातच ठरलेली असते.

ही ताटातूट टाळण्यास फार मोठा खर्च येतो असे नाही. व्याख्यान दालनातच व्हावे. विषय व्यापक असण्यापेक्षा वस्तू एक असावी. भाषेचा आणि पुरातत्त्वाचा अभ्यासक एकाच प्रतिमेवर एकामागून एक बोलावेत आणि त्यांचे एकमत झाले नाही तर ते तसेच श्रोत्यांपुढे राहू द्यावे. जे बोलले गेले ते लिहून निघावे आणि एकाहून अधिक भाषांत निघावे. जबलपूरच्या बाबतीत ती भाषा हिंदी तर असेलच. मराठीही असावी, कारण या भूमीचा अभ्यास करणाऱ्यांत मराठी माणसे होती, तिचा एक महत्त्वाचा लेख आजही नागपुरात आहे, आणि तिच्या कवीचा पणजोबा महाराष्ट्राचा चूडामणी म्हणविला गेला होता. अनुवादकाला येथे राजशेखराने दिलेले काम आहे : एका दिशेचे आसन सोडून दुसऱ्या दिशेस जाऊन बसण्याचे.

अल्हणदेवीच्या शिलालेखात व्याख्यानशालेचा निर्देश आहे. तेथे काय बोलले गेले याचा एक शब्दही आपल्यापर्यंत आलेला नाही. टेकडीवरील प्रतिमा मात्र, भंगलेल्या का होईनात, आहेत आणि त्यांची नावेही आहेत. शब्द लोपला, वस्तू राहिली. आजच्या व्याख्यानांचे भवितव्य याहून निराळे व्हावयाचे असेल तर त्यांनी राहिलेल्या वस्तूंचा आधार घेतला पाहिजे. श्रीतेरंवेच्या नावाचा उलगडा अजून व्हावयाचा आहे. पुढच्या व्याख्यानास तो विषय पुरेसा आहे.